येथील सर्व क्षेम

माझी एक मावशी पूर्वी नाशिकहून दर महिन्याला पोस्टकार्ड टाकीत असे. वर कोपऱ्यात तारीख, मग 'अनेक उत्तम आशीर्वाद', आणि लगेच ते ठरलेले वाक्य : 'येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवीत जावे.' त्यापुढे पंचवटीतली गर्दी, गोदावरीचे पाणी, कोथिंबिरीचा भाव. आणि जागा संपली म्हणून अगदी कडेने, कार्ड आडवे धरून लिहिलेली ता. क.ची ओळ : 'यांना गेल्या रविवारी दवाखान्यात ठेवले आहे.' माझे वडील मावशीचे कार्ड हातात पडले की प्रथम आडवे धरीत. वरचे सर्व क्षेम ते वाचीतही नसत.

हल्ली पोस्टकार्डे येत नाहीत. पण 'येथील सर्व क्षेम' हे वाक्य मला रोज रात्री न चुकता वाचायला मिळते. धाडणारी मावशी नव्हे, यंत्र असते, आणि वाक्य इंग्रजी असते : 'बिल्ड सक्सेसफुल.' या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की प्रस्तुत लेखक पोटासाठी संगणकाचे प्रोग्राम लिहितो आणि हौसेसाठी हे पान. संपादकांनी या खेपेला मुद्दाम बजावले होते, "दिवाळी अंक आहे, काही खमंग लिहा. यंत्रांची कटकट नको." मी मान डोलावली. पण २०२५ सालच्या जून महिन्यात या रोजच्या पोस्टकार्डाने मला असे काही तोंडघशी पाडले की ते सांगितल्याखेरीज चैन पडेना. खमंगपणाची उणीव अनारशाने भरून काढतो.

अनारशाचे पीठ जमले असे वाटले तरी शहाणी बाई सगळे अनारसे एकामागून एक तुपात सोडीत नाही. आधी एक सोडून पाहते. तो तुपात फुटून पसरला, म्हणजे 'हसला', तर पीठ सैल आहे. जाळीच पडली नाही तर पीठ कोरडे आहे. प्रोग्रामचेही तसेच. आम्ही लिहिलेल्या मजकुराचा चालता प्रोग्राम बांधून देणारी काही अवजारे असतात. ग्रेडल आणि मेव्हन ही त्यांतली, जावा भाषेच्या मुलखातली, दोन नामांकित घराणी. ही अवजारे प्रोग्राम बांधता बांधता आम्हीच लिहून ठेवलेल्या शेकडो लहान लहान चाचण्या चालवून पाहतात. या चाचण्या म्हणजे टेस्ट. आणि आपण काय काय केले याची जी रोजनिशी ती लिहीत जातात, तिला म्हणायचे लॉग. एवढे समजले की पुढचे सगळे समजले.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला आहात आणि आतून हाक येते, "बिघडला!" बस्स. हसला, की कोरडा झाला, की जळला? काही पत्ता नाही. उठून आत जावे तर कढई घासून पालथी घातलेली, आणि बिघडलेला अनारसाही कुठे दिसत नाही. ग्रेडलचा मूळ स्वभाव नेमका असा आहे. त्याला काही न सांगता नुसते कामाला लावले, तर चाचणी मोडल्यावर तो लॉगमध्ये चाचणीचे नाव, चुकीची जात आणि ओळीचा क्रमांक एवढेच लिहितो. काय यायला हवे होते आणि काय आले, हा खरा मजकूर तो एका वेगळ्या अहवालात, बिल्ड नावाच्या खणात, रिपोर्ट्स नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवतो. आणि चाचणी मोडली नाही, तर मग एवढेही बोलत नाही. किती चालल्या, किती वगळल्या, एक अक्षर नाही. येथील सर्व क्षेम.

काम आपल्याच टेबलावरच्या यंत्रावर चालले असेल तर यात फारसे बिघडत नाही. खण उघडावा, अहवाल वाचावा. पण रात्रीचे बिल्ड हल्ली भाड्याच्या यंत्रावर चालते. ते यंत्र पाच-दहा मिनिटांसाठी जन्माला येते, काम करते आणि आपल्या सगळ्या खणांसकट नाहीसे होते. मागे उरतो तो फक्त लॉग. घासलेली कढई ती हीच.

ग्रेडलला मी सर्वस्वी दोष देत नाही. या जातीचे आद्य अवजार 'मेक' स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लिहिले. ते बडबडे होते. जी आज्ञा चालवायची ती आधी मोठ्याने म्हणून दाखवायचे. त्याला गप्प बसवायचे तर आज्ञेच्या आरंभी एक खूण घालावी लागे. पुढे कामे हजारपटीने वाढली, आणि 'चांगले चालले असेल तर बोलू नये' हा जुना शिरस्ता नव्या अवजारांनी अधिकच मनावर घेतला. शिरस्ता चांगला आहे. गंमत एवढीच, की वाईट चालल्यावर काय बोलावे हे मात्र प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवले.

आता माझी फजिती.

एका पतसंस्थेच्या मुदत ठेवींचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच. ज्या ठेवीची मुदत आज संपते तिचे व्याज काढून ती पुढच्या वर्षासाठी नवी करायची, हे काम प्रोग्राम रोज रात्री साडेबारा वाजता, सगळे गाव झोपले असताना, आपल्या आपण करतो. तर जूनच्या एका सकाळी शाखेतून व्यवस्थापकांचा फोन आला. "साहेब, एक बाई आल्या आहेत. निवृत्त शिक्षिका. त्यांचं म्हणणं, व्याज कमी आलंय."

मी म्हटले, "त्यांच्या हिशेबात काही तरी चुकत असेल."

पलीकडे जरा शांतता पसरली. मग व्यवस्थापक हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, त्यांनी मला आठवीत गणित शिकवलंय. तुम्हीच या."

गेलो. बाई काउंटरसमोरच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही. मला पाहून म्हणाल्या, "तुम्हीच का ते प्रोग्राम लिहिणारे? बसा." मी विद्यार्थ्यासारखा बसलो. वहीत सारे मांडलेलेच होते. ठेव ५,००,००० रुपये, व्याज दरसाल ८ टक्के सरळ, १८ जून २०२४ ते १८ जून २०२५, दिवस ३६५, व्याज ४०,००० रुपये. आणि पावतीवर होते ३९,८९० रुपये ४१ पैसे.

"फरक १०९ रुपये ५९ पैशांचा," बाई म्हणाल्या, "म्हणजे बरोबर एका दिवसाचं व्याज. नव्या पावतीवर तारीख १८ जूनच आहे. मग जुनी ठेव तुम्ही १७ तारखेला संपवलीत का? पैशाचं राहू द्या. माझा एक दिवस कुठे गेला, तेवढं सांगा."

मला उत्तर येत नव्हते. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे जसे पाहतात तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली.

घरी येऊन लॉग काढले. तीन महिन्यांचे, रोजचे. प्रत्येक रात्री सर्व क्षेम. मला आश्चर्य याचे वाटत होते की ही चूक पकडणारी चाचणी मी स्वतः लिहिली होती. लिहिली होती आणि तिचा अभिमानही बाळगला होता. चाळीस वेगवेगळ्या तारखा आणि वेळा, त्यांत मध्यरात्रीच्या पुढच्या मुद्दाम घातलेल्या. ती चाचणी गेली कुठे? फाइल उघडली. चाचणी होती जागेवरच. फक्त तिच्या डोक्यावर एक शब्द बसला होता : 'डिसेबल्ड'. शेजारी टीप : 'तूर्त बंद. सर्व्हरवर मोडते, माझ्याकडे चालते. नंतर पाहू.'

प्रोग्रामची कोणती ओळ कोणी आणि केव्हा लिहिली याची नोंद आमच्याकडे राहते. ती पाहण्याच्या आज्ञेचे नावच मुळी 'ब्लेम' आहे, म्हणजे खापर कोणाच्या डोक्यावर. हाताखाली एक तरुण मुलगा आहे. त्याला उद्या कोणत्या शब्दांत सांगायचे याची मनात जुळवाजुळव करीतच मी ती आज्ञा दिली. उत्तर आले. तारीख २७ मार्च २०२५, वेळ रात्रीचे अकरा. नाव माझे.

मग सगळे आठवले. मार्चअखेर होती. ३१ तारखेच्या आत नवी आवृत्ती शाखेत जायची होती. त्या रात्री बिल्ड मोडले होते. लॉगमध्ये काय होते? चाचणीचे नाव, पुढे 'फेल्ड', खाली 'असर्शनफेल्डएरर', आणि 'ओळ ११८'. ओळ ११८ म्हणजे चाळीस तारखा एकामागून एक तपासणारी जी फेरी, तिच्या पोटातली तुलना. चाळिसांपैकी कोणती तारीख मोडली? काय यायला हवे होते, काय आले? ते होते अहवालात, अहवाल होता यंत्रावर, आणि यंत्र पंचत्वात विलीन झालेले. माझ्या टेबलावर तीच चाचणी बिनबोभाट चालत होती. दोनदा चालवून पाहिली, घड्याळ पाहिले, आणि लिहिले : तूर्त बंद.

आता खरी ग्यानबाची मेख. चाचणी बंद केल्यावर ग्रेडलने निदान रोज एकदा तरी 'एक चाचणी वगळली' असे म्हणायला हवे होते की नाही? बिल्ड मोडले तर तो आकडे सांगतो : इतक्या पुऱ्या झाल्या, इतक्या मोडल्या, इतक्या वगळल्या. बिल्ड यशस्वी झाले तर आकडेच सांगत नाही. वगळलेली चाचणी त्याच्या लेखी अपयश नव्हे. म्हणून २८ मार्चपासून मला रोज रात्री सर्व क्षेम येत राहिले आणि मी ते वाचून स्वस्थ झोपत राहिलो. मावशीचे कार्ड आडवे धरावे तशी ता. क.ची ओळ या कार्डाला नव्हतीच.

आमच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना अण्णा म्हणते. दिंडोरी रस्त्यावर 'मेरी' आहे ना, १९५९ साली सुरू झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, तिथे त्यांची सारी नोकरी काँक्रीटचे ठोकळे फोडण्यात गेली. संध्याकाळी जिन्यात भेटले. माझा चेहरा पाहून म्हणाले, "काय झालं?" मी सांगितले. तीन ओळींचा तो लॉगही मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

"मोडलं हे कळलं," अण्णा म्हणाले. "पण मोडलं कितीवर?"

"ते यात लिहीत नाहीत."

"मग हे लिहिलं कशाला?"

मग जिन्यातच उभ्या उभ्या त्यांनी मला ठोकळ्याची गोष्ट सांगितली. पंधरा सेंटिमीटरचा घन. अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरवायचा. मग यंत्राच्या दोन तबकड्यांत धरून दाब वाढवीत न्यायचा. एम-२० जातीच्या काँक्रीटला चौरस मिलिमीटरला २० न्यूटन हवेत, म्हणजे ठोकळ्यावर ४५० किलोन्यूटनचा भार. "आम्ही रजिस्टरात पास-नापास लिहीत नसू," अण्णा म्हणाले. "ठोकळा कुठला, ओतला कधी, फोडला कधी, मोडला कितीवर. तिन्ही ठोकळ्यांचे तीन आकडे, वेगवेगळे. चारशे चाळीसवर मोडला तर सिमेंट कमी पडलं असेल, पाणी जास्त झालं असेल. दोनशेवर मोडला तर ठोकळाच धड भरलेला नाही. नुसतं नापास लिहिलं असतं तर साइटवरचा माणूस काय करणार? दुसरा ठोकळा पाठवणार. तू तेच केलंस. तू तर ठोकळाच पाठवायचा बंद केलास."

रात्री बसलो. ग्रेडलच्या मांडणीच्या फाइलीत 'टेस्टलॉगिंग' नावाचा एक कंस घालता येतो. त्यात मोडलेल्या चाचणीचा तपशील 'शॉर्ट' न ठेवता 'फुल' करा म्हणून सांगायचे. 'एक्सेप्शनफॉरमॅट' असे त्या कळीचे नाव. एक ओळ लिहिली. चाचणीच्या डोक्यावरचा तो शब्द काढला. बिल्ड पाठवले. सहा मिनिटांनी लॉगमध्ये उत्तर उभे : अपेक्षित १ एप्रिल २०२५, मिळाली ३१ मार्च २०२५.

पाहताक्षणी कळले. भाड्याचे यंत्र ग्रीनिचच्या घड्याळाने चालते. आपल्या रात्री साडेबाराला तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. प्रोग्राम तारीख विचारताना 'ज्या यंत्रावर चालतो आहेस त्याच्या घड्याळाने सांग' असे विचारत होता. नव्या पावतीची तारीख मात्र दुसऱ्या वाटेने, भारतीय वेळेने येत होती. माझे टेबल नाशिकात, म्हणून माझ्याकडे सदैव बरोबर. बाईंचा दिवस त्या साडेपाच तासांच्या फटीत पडला होता. (घड्याळांचा हा हट्ट नवा नाही. मुंबईने प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सांभाळली होती. त्या काळी हा प्रोग्राम लिहावा लागला नाही हे माझे भाग्य.) दुरुस्ती दोन ओळींची होती. जे मार्चमध्ये तीन ओळींच्या लॉगने अडवून धरले, ते जूनमध्ये चार मिनिटांत सुटले. मधल्या काळात रोज रात्री किती ठेवी नव्या झाल्या असतील त्याचा हिशेब करताना हात थंड पडले.

माणसाचे कसे असते पाहा. एकदा ताकाने तोंड पोळले, की... चुकलो, दुधाने पोळले की तो ताकही फुंकून पितो. मी दुसऱ्या दिवशी सगळेच उघडे करून टाकले. चाललेली प्रत्येक चाचणी दिसू दे, तिने छापलेला प्रत्येक शब्द दिसू दे. त्यासाठी 'शोस्टँडर्डस्ट्रीम्स' नावाची कळ आहे, ती दाबली. लॉग साठ ओळींचा होता तो चाळीस हजारांवर गेला. तिसऱ्या रात्री एक चाचणी मोडली, ती मला सापडेना. शोधून शोधून थकलो तेव्हा कळले, की बिल्ड चालवणाऱ्या सेवेने लॉग फार लांबला म्हणून मध्येच तोडला होता, आणि मोडलेली चाचणी नेमकी तुटलेल्या भागात होती. झाकली मूठ उघडायला गेलो ते हातच हरवून बसलो. त्याहून वाईट म्हणजे त्या चाळीस हजार ओळींत मी आळसाने चाचणीसाठी उचललेले काही खऱ्या खातेदारांचे क्रमांक छापले जात होते. लॉग वाचायची मुभा पाच-सात जणांना असते. ते क्रमांक त्याच रात्री काढले, जुने लॉगही पुसले. हे लिहितानाही लाज वाटते, पण ज्यांच्या हाती अशी कळ आहे त्यांनी ती दाबण्यापूर्वी आपल्या चाचण्या काय काय बोलतात ते एकदा ऐकून घ्यावे.

मग किती बोलावे? नाशिककराला हा प्रश्न पडायचे कारण नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की इथला माणूस क्युसेकचा आकडा विचारीत नाही. तो विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्यापर्यंत म्हणजे घरी जाऊन जेवावे. कमरेपर्यंत म्हणजे काठच्या टपऱ्या हलवाव्यात. छातीला लागले की भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात. १९६९, २००८, २०१६, २०१९, सगळ्या पुरांच्या आठवणी इथे मारुतीच्या अंगावर मोजलेल्या आहेत. लॉगला असा एक मारुती हवा. मी ठरवले ते असे : चाललेल्या चाचण्यांनी गप्प राहावे, मोडलेलीने अपेक्षित काय आणि आले काय हे दोन्ही सांगून पूर्ण रडावे, आणि वगळलेलीने नाव सांगून हजेरी लावावी. बाकी सगळी बडबड अहवालाच्या फाइलीत जाऊ दे, पण ती फाइल यंत्राबरोबर जाळू नये. बिल्ड सेवेला 'अहवाल जपून ठेव' असे सांगता येते. मात्र 'बिल्ड मोडले तरीही' हे शब्द त्यात वेगळे घालावे लागतात. नाही तर मोडल्याबरोबर पुढची सगळी कामे रद्द होतात, आणि ज्या दिवशी अहवाल हवा नेमका त्याच दिवशी तो राहत नाही.

एवढे करून मी समाधानाने अण्णांना दाखवायला नेले. अण्णांनी विचारले, "आणि किती ठोकळे फोडले ते?"

"मोडलेले सगळे येतात, अण्णा."

"मोडलेले नव्हेत. फोडलेले किती? आणि कोणकोणते?" आणि ते द्राक्षांवर आले.

अण्णांच्या धाकट्या भावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. २०१० सालचे नाव काढले की त्या घरात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. त्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात पोचली आणि तिथल्या तपासणीत त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती पानांची वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा म्हणून ते फवारीत. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल त्याहून वर निघाला. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, कर्जे काढून उभ्या केलेल्या बागांचे पैसे बुडाले. आणि या सगळ्या मालाजवळ इथल्या प्रयोगशाळांचे दाखले होते. दाखले खोटे नव्हते. ज्या रसायनांची यादी दिली होती ती सगळी तपासली होती. सीसीसी त्या यादीतच नव्हते. पुढे ते घातले.

"भाऊ म्हणायचा, दाखल्यावर पास आहे," अण्णा म्हणाले. "मी म्हणायचो, कशात पास आहे ते वाच. लांबलचक यादी असते, कोण वाचतो? त्यात काय नाही, हे तर कोणीच वाचत नाही."

प्रोग्रामच्या जगात ही द्राक्षे रोज पिकतात. मेव्हनचा गुण असा, की तो यशस्वी बिल्डलाही आकडे सांगतो : चालल्या इतक्या, मोडल्या इतक्या, वगळल्या इतक्या. पण कोणती फाइल चाचणीची हे तो नावावरून ओळखतो. नावाच्या आरंभी किंवा शेवटी 'टेस्ट' हवे, किंवा शेवटी 'टेस्ट्स' अथवा 'टेस्टकेस' हवे. तुम्ही कौतुकाने 'व्याजाचीपरीक्षा' असे नाव ठेवलेत, तर तो तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही आणि तक्रारही करणार नाही. ग्रेडलला जेयुनिटच्या पाचव्या पिढीच्या चाचण्या चालव म्हणून एका ओळीत सांगावे लागते. ती ओळ विसरली तर कित्येक वर्षे तो एकही चाचणी न चालवता आनंदाने सर्व क्षेम कळवीत असे. २०२५ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून चाचण्यांच्या फाइली आहेत आणि चाचणी एकही सापडली नाही, तर बिल्ड मोडायचे एवढी सुबुद्धी त्याला झाली आहे. शिवाय काही बदलले नसेल तर तो चाचण्या पुन्हा चालवीतच नाही, कालचाच निकाल ग्राह्य धरतो. बिघाड नव्हे, काटकसर. पण लॉगमध्ये चाचण्यांचे नावही दिसले नाही की नवखा माणूस आपली मांडणीच चुकली समजून रात्र घालवतो. मीही एक घालवली आहे.

इतर घराण्यांच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाचा कुलाचार वेगळा. गो भाषेची चाचणी 'ओके' म्हणून मोकळी होते. वगळलेल्यांची नावे ऐकायची तर तिला 'व्ही'ची खूण द्यावी लागते. रस्टची कार्गो चाललेल्या चाचणीचे बोलणे गिळून टाकते, 'नोकॅप्चर' म्हटल्यावर ते बाहेर पडते. सीटेस्ट मोडलेल्यांची नावे तेवढी सांगते आणि मजकूर आपल्या वहीत लपवते. 'आउटपुट-ऑन-फेल्युअर' हे शब्द तिच्यासाठी पाठ करून ठेवावेत. पायथनची पायटेस्ट मला सगळ्यांत सुस्वभावी वाटते. मोडलेल्याचे सगळे सांगते, चाललेल्याचे झाकते, शेवटी मोजदाद करते.

मी ग्रेडलला शेवटी एक लहानशी पुरवणी जोडली. सगळ्या चाचण्या संपल्या, की यश असो वा अपयश, एक ओळ छापायची : चालल्या ४१२, मोडल्या ०, वगळल्या ०. आणि कालच्यापेक्षा आजचा पहिला आकडा कमी झाला तर मला झोपेतून उठवायचे.

राहिल्या बाई. ज्या ज्या ठेवींचा एकेक दिवस गेला होता त्या सगळ्यांचे व्याज संस्थेने खात्यांवर जमा केले. बाईंचे १०९ रुपये ५९ पैसे द्यायला मी स्वतः व्यवस्थापकांबरोबर त्यांच्या घरी गेलो. गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला जुने बैठे घर, दारात प्राजक्त. मी सगळे सांगितले, माझे नाव कसे निघाले तेही. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मग वही उघडली, नव्या ओळीत रक्कम मांडली आणि विचारले, "वगळल्या ० म्हणालात. त्या दिवशी किती होत्या?"

"एक, बाई."

त्यांनी तेही लिहून घेतले. मग आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

ता. क. हा लेख छापखान्यात धाडायच्या आदल्या रात्री बिल्ड पुन्हा मोडले. लॉगमध्ये मोजून सात ओळी होत्या : ठेव ज्येष्ठ नागरिकाची, अपेक्षित दर ८.५, मिळाला ८. चूक हाताखालच्या मुलाची होती. मी त्याला उठवले नाही. सकाळी नऊच्या आत त्याने आपल्या आपण दुरुस्त केली होती.